घरे सुका कचरा वेगळा करून द्यायला कशाने तयार होतात?

मेहरूणकाठ, जळगाव

नमस्कार. आमची वसाहत जळगाव शहराच्या बाहेरच्या अंगाला आहे. बहुतेक घरे स्वतःच्या मालकीची आहेत आणि काहींच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. दिवाळीनंतर आमच्या महिला मंडळाने सुका कचरा एकत्र गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. प्रत्येक घराने दुधाच्या पिशव्या, बाटल्या, डबे, वेष्टने, कागद, पुठ्ठा असे सगळे एका गोणीत साठवायचे, रविवारी सकाळी ती गोणी मंदिराच्या आवारात आणून द्यायची, भंगार घेणारे गृहस्थ तेथून वजन करून माल नेतील आणि आलेल्या पैशांतून वसाहतीतील झाडांची निगा राखायची, अशी ती योजना आहे.

सुरुवातीचे काही रविवार उत्साहाचे गेले. आता साधारण एक तृतीयांश घरे नियमित गोणी आणतात, काही अधूनमधून आणतात आणि उरलेल्यांनी एकदाही आणलेली नाही. मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, न आणणाऱ्यांत पर्यावरणाविषयी तळमळीने बोलणारी, चांगली शिकलेली माणसे बरीच आहेत. आणि नियमित आणणाऱ्यांत काही घरे अशी आहेत, जिथे या विषयावर कोणी कधी चार शब्दही बोललेले नाही. आम्ही पत्रके वाटली, शाळकरी मुलांची प्रभातफेरी काढली, पण आकडा हलला नाही. मंडळात आता कोणी दंड सुचवते, तर कोणी बक्षीस. त्याआधी मला मूळ कारण समजून घ्यायचे आहे. एखादे घर अशा कामात कशामुळे सहभागी होते आणि कशामुळे बाजूला राहते? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठ, धुळे

ताई, मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आपण जे पाहिले ते अभ्यासकांनाही वारंवार आढळले आहे. इसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने 1991 मध्ये नियोजित वर्तनाचा सिद्धांत सविस्तर मांडला. एखादी गोष्ट करायची असे माणूस मनाशी ठरवतो ते तीन गोष्टींवरून, असे तो सिद्धांत सांगतो: ती गोष्ट त्याला चांगली वाटते का, आपल्या जवळच्या माणसांना ती आपल्याकडून अपेक्षित आहे असे त्याला वाटते का, आणि ती आपल्या हातून होईल असा त्याला भरवसा आहे का. पत्रके आणि प्रभातफेरी पहिल्याच गोष्टीवर काम करतात. आपल्या वसाहतीत ती मुळातच अनुकूल आहे, त्यामुळे तिच्यावर कितीही श्रम घेतले तरी पुढे काही घडणार नाही.

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात डर्कसेन आणि गार्ट्रेल या दोघांनी केलेला एक अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ठिकाणी घरापासून माल उचलण्याची पक्की सोय होती, तिथे पर्यावरणाची फारशी फिकीर नसलेली माणसेही वेगळा केलेला माल देत होती. जिथे अशी सोय नव्हती, तिथे मनापासून फिकीर असलेल्यांचीही कृती त्या फिकिरीला साजेशी नव्हती. आपल्या निरीक्षणाचे उत्तर मला यात बरेचसे दिसते. मंदिराचे आवार ज्या घरांच्या वाटेवर आहे, तीच घरे नियमित आहेत का, हे कृपया एकदा तपासून पाहावे.

दुसरा मुद्दा शेजाऱ्यांचा. हॉपर आणि नील्सन यांनी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात केलेल्या प्रयोगात (तोही 1991 मध्येच प्रसिद्ध झाला) काही घरांना नुसती माहिती दिली, काहींना गोळा करण्याच्या दिवसाची आठवण दिली आणि काही गल्ल्यांत तिथल्याच एका रहिवाशाला शेजाऱ्यांशी बोलण्याचे काम दिले. सर्वांत चांगला परिणाम या तिसऱ्या मार्गाने झाला. आपल्याकडे असे माणूस शोधायला फार दूर जावे लागत नाही. कानबाईच्या सणाच्या वेळी जिच्या एका हाकेवर गल्ली गोळा होते, ती बाई प्रत्येक गल्लीत असते. ती मंडळाची पदाधिकारी असेलच असे नाही, आणि बहुधा नसतेच. पण तिने ओट्यावर बसून सहज विचारलेला प्रश्न पत्रकापेक्षा जास्त काम करतो, कारण उद्या परवा तिच्याशीच पुन्हा बोलायचे असते.

एक सावधगिरी मात्र सांगतो. हे प्रयोग अशा गावांत झाले, जिथे दारावर भंगार विकत घेणारा येत नाही. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या येतो आहे, आणि घरे त्याच्याशी व्यवहार करतातच. परदेशी निष्कर्ष इथे लावताना ही गोष्ट मोठी आहे.

दाणेवाला, जळगाव औद्योगिक वसाहत

सरांनी शेवटी जे लिहिले आहे, तिथूनच पुढे लिहितो. मी वापरलेल्या प्लास्टिकपासून दाणा, म्हणजे पुन्हा वस्तू बनवण्यासाठी लागणारे प्लास्टिकचे बारीक दाणे, तयार करण्याच्या व्यवसायात आहे. भंगाराची खरेदी, छाटणी, धुलाई हे माझे रोजचे काम असल्यामुळे घरातून माल कसा निघतो, हे मला दुसऱ्या टोकाने दिसते.

ताई, आपली न येणारी घरे सहभागी नाहीत, हे मला पटत नाही. त्या घरांतील रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पितळ, जाड प्लास्टिकच्या बादल्या यांतले काहीही कचऱ्यात जात नाही. ते माळ्यावर किंवा जिन्याखाली साठते आणि भाव करून विकले जाते. जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि त्याबदली भांडे घरात येते. आपली योजना या घराला काय सांगते? ज्याचे आजवर पैसे मिळत होते ते फुकट द्या, तेही वाहून आणून द्या. चार पैशांसाठी आम्ही अडून बसलो, असे कोणी तोंडावर म्हणणार नाही. ते फक्त गोणी आणणार नाहीत. ज्या घराचा महिन्याचा किराणा हात राखून भरला जातो, त्या घरासाठी रद्दीचे पैसे ही खरी रक्कम असते, आणि बहुतेक वेळा ती घरातील बाईच्या हातात राहणारी रक्कम असते. ती झाडांसाठी द्या म्हणणे योग्य नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की रद्दी, पुठ्ठा आणि धातू घराकडेच राहू द्यावा. भंगारवाला जे घेत नाही किंवा दारावर अगदी नाममात्र भाव देतो, तेवढेच मंडळाने मागावे. दुधाच्या, तेलाच्या, मिठाच्या पिशव्या, किराणा दुकानातील वेष्टने, औषधांच्या रिकाम्या बाटल्या यांत एका घराकडे विकण्याजोगे काही जमत नाही, पण साठ-सत्तर घरांचे मिळून जमते. उपक्रमाची खरी गरज तिथे आहे, आणि तिथे घराच्या खिशाला हात लागत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. सगळे एका गोणीत आले की त्या गोणीला तिच्यातल्या सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो, कारण पुढची छाटणी आम्हाला माणसे लावून करावी लागते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक आणि पाइपाचे प्लास्टिक वरवर जवळचे वाटते. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे पाण्याच्या हौदातही ती आपोआप वेगळी होत नाहीत, आणि पाइपाचे चार तुकडे बाटल्यांच्या मालात राहिले तर वितळवताना सगळा माल काळा पडतो. याउलट दुधाची पिशवी आणि डब्याचे झाकण पाण्यावर तरंगते. आमचे छाटणी करणारे कामगार हौदाकडे न जाताही, पिशवी मुठीत चुरगाळून तिच्या आवाजावरून सांगतात की ती कोणत्या ढिगात जाईल. घरांनी एवढे शिकावे अशी माझी अपेक्षा नाही. पण दुधाच्या पिशव्या वेगळ्या, बाटल्या-डबे वेगळे आणि चकचकीत वेष्टने वेगळी एवढे तीन भाग झाले, तरी मालाचा भाव बदलतो आणि लोकांना आपल्या मेहनतीचा अर्थ दिसतो.

वेफर्सच्या पाकिटाबद्दल लोकांना खरे सांगावे. आतून चंदेरी दिसणाऱ्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा पातळ लेप एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, ते आमच्या यंत्रांवर वेगळे होत नाहीत. ते घेऊन आम्ही दाणा करू शकत नाही. हे लपवून सगळे गोळा केले आणि नंतर त्यातील अर्धे टाकून दिलेले कोणाच्या नजरेस पडले, तर पुढच्या रविवारी पिशव्यासुद्धा येणार नाहीत.

एक बारीक गोष्ट. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, तो पिशवीलाच लटकत ठेवावा. तुटलेला कोपरा इतका लहान असतो की तो कोणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो.

शेवटचे म्हणजे, लोकांना माल कुठे जातो ते दाखवा. आपले जळगाव पाइपांचे आणि चटयांचे गाव आहे. चटईच्या धंद्यात वापरलेल्या प्लास्टिकचा दाणा वर्षानुवर्षे चालत आला आहे. शेतातील ठिबकच्या जुन्या नळ्यासुद्धा शेतकरी बांधावर टाकून देत नाही, विकतो, कारण त्या पुढे कुठे जातात हे त्याला ठाऊक आहे. आपल्या मंडळातील बायकांना एकदा एखाद्या कारखान्यात घेऊन या. पिशव्या कापल्या जातात, धुतल्या जातात, वितळून शेवयांसारख्या लांब दोऱ्या होऊन पाण्यातून जातात आणि पुढच्या टोकाला दाणे होऊन पडतात, हे डोळ्यांनी पाहिलेले माणूस नंतर घरी पिशवी केरात टाकत नाही. हे मी माझ्याकडे येऊन गेलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

बोरीकाठ, अमळनेर

या चर्चेत घराच्या आतली बाजू कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहिते. “घर सहभागी होते” असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात घरातील एक बाई सहभागी होत असते. पिशवी धुणे, वाळवणे, मुंग्या लागू नयेत म्हणून गोणी उंचावर ठेवणे, मुलांनी चुकीचे टाकलेले पुन्हा काढणे हे तिचे वाढीव काम आहे. सभेला जाऊन होकार देणारे बहुधा दुसरेच कोणी असते. न येणाऱ्या शिकलेल्या घरांत तळमळीने बोलणारे आणि गोणी सांभाळणारे एकच आहे का, हे ताईंनी जरूर पाहावे. सासूबाईंना घरात कचरा साठवून ठेवणे अशुभ वाटत असेल, तर सुनेला एकटीने ते रेटता येत नाही. अशा घरात मंडळाच्या वयस्क बायकांनी जाऊन सासूबाईंशी बोलले, तरच उपयोग होतो.

दुसरे, पाणी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात मधले दिवस आणखी वाढतात. अशा वेळी पिशव्या धुऊन द्या, असे सांगणाऱ्या पत्रकावर बाई विश्वास ठेवत नाही, कारण लिहिणाऱ्याला हंड्याचा हिशेब माहीत नाही हे तिला लगेच कळते. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. दूध पातेल्यात ओतल्यावर पिशवीत अर्धा पेला पाणी घालून, हलवून तेच पाणी दुधात किंवा चहात घालण्याची आपल्या बहुतेक घरांत रीत आहे. तेवढ्याने पिशवी पुरेशी स्वच्छ होते. मग ती उलटी करून कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावली की आपल्याकडच्या उन्हात बघता बघता वाळते. तेलाच्या पिशवीचे असे होत नाही. ती कणकेच्या कोंड्याने पुसून घ्यावी लागते, आणि प्रत्येक घराकडून ती अपेक्षा ठेवू नये.

तिसरी गोष्ट मोकळेपणाने लिहिते. घरातील कचरा हातात घेऊन मंदिराच्या आवारात चारचौघांसमोर जाणे अनेक बायकांना नको वाटते. गोणीत काय आहे, हे दिसते. कोणाच्या घरातून कोणत्या गोळ्यांची पाकिटे निघाली, कोणत्या बाटल्या निघाल्या, यावर गल्लीत बोलले जाते. ज्या घरात असे काही लपवण्यासारखे आहे, ते घर कधीच गोणी आणणार नाही, आणि त्याचे कारणही कधी सांगणार नाही. दारातून बंद गोणी उचलली गेली, तर हा प्रश्न उरत नाही. शिवाय रविवारची सकाळ ही आमच्यासाठी सर्वांत गर्दीची वेळ असते: न्हाणी, धुणी, पाहुणे, आणि त्यात पाणी आले असेल तर विचारूच नका. मधल्या वारी दुपारी चारच्या सुमारास जेवढी फुरसत असते, तेवढी रविवारी नसते.

मेहरूणकाठ, जळगाव

तिघांचेही मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी यादी समोर घेऊन पाहिले, तर नियमित येणारी बहुतेक घरे मंदिराच्या बाजूच्या दोन गल्ल्यांतील आहेत. अमळनेरच्या ताईंनी लिहिलेली संकोचाची बाब आमच्या बैठकीत आजवर कोणी काढली नव्हती, पण मी दोन मैत्रिणींना एकट्याने विचारले, तेव्हा दोघींनीही तेच कारण सांगितले. दारातून गोणी उचलण्यासाठी हातगाडी आणि एक माणूस लागेल, त्याचा विचार आम्ही सुरू केला आहे. रद्दी आणि धातू यापुढे मागायचा नाही, हे मी मंडळात मांडणार आहे.

माझे दोन प्रश्न उरतात. दंड किंवा बक्षीस यांचा उपयोग होतो का? आणि लोक वारंवार जे ऐकवतात, की वेगळा करून दिलेला ओला आणि सुका कचरा शेवटी गाडीत एकत्रच टाकला जातो, त्याला काय उत्तर द्यावे? आमच्या काही घरांनी हे स्वतः पाहिले आहे, त्यामुळे ती केवळ सबब म्हणता येत नाही.

तापीकाठ, भुसावळ

मी स्वच्छता विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून आपल्या या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तेव्हा ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देण्याची जबाबदारी घरावर टाकली. दंडाची तरतूद त्यामुळे कागदावर आहे. पण दंड नगरपालिका करू शकते, महिला मंडळ करू शकत नाही. शेजारणीने शेजारणीला दंड लावला, तर वसाहतीत भांडण होईल आणि उपक्रम बुडेल. दक्षिण कोरियाने 1995 पासून देशभर जी पद्धत आणली, ती याहून वेगळी आहे. तिथे उरलेला कचरा टाकण्यासाठी ठरावीक पिशवी विकत घ्यावी लागते, आणि पुनर्वापराचा माल वेगळा करून दिला तर त्याला पैसे पडत नाहीत. म्हणजे जो वेगळे करतो, त्याचा खर्च आपोआप कमी होतो. हे सरकारी पातळीवरच जमते. बक्षिसाचा माझा अनुभव असा की बक्षीस असेपर्यंत गोण्या येतात. त्यापेक्षा आकडा लावावा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका गावी शुल्ट्झ या संशोधकाने केलेला, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला प्रशिक्षणात सांगितला गेला होता. ज्या घरांना नुसते आवाहन मिळाले, त्यांच्यापेक्षा आपल्या भागातून किती माल जमा झाला याचा आठवड्याचा आकडा मिळालेल्या घरांचा सहभाग वाढला. मंडळाने फळ्यावर गल्लीनिहाय किलो लिहावेत, आणि विक्रीचे पैसे किती आले व कुठे गेले तेही लिहावे. न देणाऱ्यांची नावे मात्र कधीही लिहू नयेत.

लाज ही दीर्घकाळ चालणारी गोष्ट नाही, हे आम्ही भुसावळकरांनी पाहिले आहे. 2017 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 434 शहरांच्या यादीत आमचे शहर 433 व्या क्रमांकावर आले. त्या वेळी शहराला मनापासून वाईट वाटले, सगळीकडे तोच विषय होता. पण वाईट वाटणे आणि रोज सकाळी दोन डबे भरणे यांच्यामध्ये ठरल्या वेळी येणारी गाडी लागते. जिथे गाडीची वेळ पक्की होती, तिथे लोक शिकले. जिथे गाडी कधी सातला तर कधी अकराला येत होती, तिथे कामावर जाणारी माणसे आदल्या रात्रीच सगळे एका पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवून जात, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला कधी झाले नाही. भाडेकरूंचेही हेच आहे. त्यांच्याकडे जागा कमी, येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या, आणि मंडळाचा निरोप मालकाकडेच थांबतो. खालच्या जिन्यापाशी दोघांमध्ये मिळून एक गोणी ठेवली, तर बरेच सुटते.

गाडीत एकत्र टाकण्याबद्दल. लोक म्हणतात ते अनेक ठिकाणी खरे असते, आणि ते नाकारून काही साधत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिले की घर वेगळे करणे थांबवते, आणि पुन्हा सुरू करायला फार काळ लागतो. कधी गाडीतले मधले पार्टिशन तुटलेले असते, कधी सुक्याचा कप्पा भरतो आणि उरलेला माल ओल्यात जातो, तर कधी गाडीवरच्या कामगाराला फेऱ्या पूर्ण करण्याची घाई असते. यासाठी वरच्या कार्यालयात अर्ज करण्याआधी आपल्या प्रभागाच्या मुकादमाला भेटा, आणि सुका माल गाडीच्या वाटेलाच जाऊ देऊ नका. आपला उपक्रम स्वतंत्र हातगाडीवर चालला, तर ओल्याची आणि सुक्याची वाट दारातच वेगळी होते. पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून हेच करते. कचरावेचक दारावर येतात, घराकडून ठरावीक शुल्क घेतात आणि विकण्याजोगा सुका माल विकून आलेले पैसे स्वतः ठेवतात. माल मिसळला तर नुकसान त्यांचेच, त्यामुळे तो मिसळत नाही. आपल्या वसाहतीत आजही पहाटे कोणी बाई किंवा मुले भंगार वेचत असतील. हातगाडीचे काम त्या बाईला देता आले तर पाहावे. तिचे आजचे उत्पन्न आपल्या उपक्रमामुळे कमी होणार असेल, तर तो विचार आधी व्हायला हवा.

आणि एक विनंती. फुटलेली काच आणि दाढीची पाती कागदात गुंडाळून, वर तसे लिहून द्या. सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात बांधून त्यावर लाल खूण करा. गोणीत हात कोणाचा तरी जाणार असतो.

दाणेवाला, जळगाव औद्योगिक वसाहत

ताई, मालाच्या उचलीबद्दल एवढेच सांगायचे राहिले होते. दुधाच्या पिशव्या वजनाला इतक्या हलक्या असतात की एक किलो भरायला त्या शेकड्यांनी लागतात. त्यामुळे दर आठवड्याला विक्री करायला गेलात, तर टेम्पोचे भाडेही सुटणार नाही आणि मंडळातील लोक नाउमेद होतील. गोळा दर आठवड्याला करा, पण विक्री दोन-तीन महिन्यांतून एकदा करा. शेजारच्या एक-दोन वसाहती सोबत आल्या, तर आणखी बरे. तोवर पिशव्या कोरड्या, सावलीच्या जागी ठेवाव्यात, उन्हाने त्या ठिसूळ होतात. पावसाळ्यात भिजलेला माल कोणी घेत नाही, तेव्हा साठवणीच्या जागेवर मे अखेरीपूर्वी पत्रा टाकून घ्यावा.